गया ते कोलंबो : अंतर किती, वेळ किती?

इतिहासाच्या तासाला सम्राट अशोकाचा धडा सुरू झाला आणि महेंद्र-संघमित्रा यांचे नाव निघाले की, वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "सर, श्रीलंका इथून किती लांब आहे? जायला किती वेळ लागतो?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नसते. परीक्षेत हा प्रश्न विचारला जात नाही. तरीही हा प्रश्न मुलांना पडतो, कारण अंतर कळल्यावाचून त्या प्रवासाचे मोल कळत नाही. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी थोडक्यात उत्तर सांगतो. बुद्धगयेजवळील गया विमानतळ आणि श्रीलंकेतील कोलंबोचा कटुनायके विमानतळ यांच्यामधील सरळ हवाई अंतर सुमारे २,०२५ किलोमीटर आहे आणि थेट विमान असेल तर हा प्रवास साधारण तीन तासांत होतो. मुंबईहून कोलंबो सुमारे १,५२५ किलोमीटर, म्हणजे अडीच तासांच्या जवळपास. नागपूरहून सरळ रेषेत मोजले तर ते सुमारे १,५५० किलोमीटर भरते. एवढ्याने प्रश्न संपला असे वाटेल. परंतु हे आकडे कोठून येतात, आणि ज्या वाटेला आज तीन तास लागतात तिला पूर्वी किती वेळ लागत होता, हे पाहू लागलो की भूगोलाचा प्रश्न इतिहासाचा होतो.

अंतर मोजायचे कसे?

पृथ्वी गोल आहे, म्हणून तिच्यावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही सपाट कागदावरची रेषा नसून गोलावरची कमान असते. वर्गातील पृथ्वीच्या गोलावर एक दोरा घ्या, त्याचे एक टोक गयेवर व दुसरे कोलंबोवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा ज्या रेषेवर स्थिरावतो, ती या दोन शहरांमधील सर्वांत कमी अंतराची वाट होय. पूर्व-पश्चिम दिशेने फार दूर असलेल्या शहरांच्या बाबतीत ही वाट नकाशावर वाकडी दिसते आणि विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. गया आणि कोलंबो मात्र जवळजवळ उत्तर-दक्षिण आहेत. त्यामुळे येथे नकाशावरची रेषा आणि गोलावरचा दोरा यांत फारसा फरक पडत नाही.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला हे अंतर स्वतः काढता येते. गया विमानतळ सुमारे २४.७४ उत्तर अक्षांशावर आणि ८४.९५ पूर्व रेखांशावर आहे. कटुनायके विमानतळ सुमारे ७.१८ उत्तर अक्षांशावर आणि ७९.८८ पूर्व रेखांशावर. अक्षांशांतील फरक १७.५६ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झाले सुमारे १,९५० किलोमीटर. रेखांशांतील फरक ५.०७ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येतात, म्हणून रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सर्वत्र सारखे नसते. या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात ते सुमारे १०७ किलोमीटर आहे. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर झाले सुमारे ५४२ किलोमीटर. आता पायथागोरसचे प्रमेय वापरा : दोन्ही अंतरांचे वर्ग करा, त्यांची बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर २,०२५ किलोमीटरच्या आसपास येते. पृथ्वीचा गोलपणा हिशेबात धरून काटेकोर गणित केले तरी या उत्तरात एक-दोन किलोमीटरांचाच फरक पडतो.

ही रेषा नकाशावर ओढून पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गयेहून निघालेली ही रेषा झारखंड आणि ओडिशावरून खाली उतरते, विशाखापट्टणमच्या परिसरात किनारा ओलांडते, बंगालच्या उपसागरावरून श्रीलंकेच्या उत्तर भागात शिरते आणि अनुराधपूरच्या अगदी जवळून कोलंबोकडे जाते. ज्या बोधिवृक्षाखाली सिद्धार्थ गौतम बुद्ध झाले तो वृक्ष या रेषेच्या एका टोकाशी. आणि त्या वृक्षाची फांदी जेथे लावली गेली ते अनुराधपूर याच रेषेच्या काठाशी. हा योगायोग आहे. त्यात कोणताही दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. परंतु लक्षात ठेवण्यास ही खूण सोपी आहे.

तीन तास कसे लागतात?

प्रवासी जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पोचल्यानंतर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. २,०२५ किलोमीटरला हा वेग लावला तर उत्तर अडीच तासांच्या आत येते. मग वेळापत्रकात तीन तास का असतात?

याचे पहिले कारण असे की, विमान निघाल्या क्षणापासून त्या वेगाने जात नाही. त्याला उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, उतरायला त्याहून थोडी अधिक, आणि या दोन्ही टप्प्यांत वेग कमी असतो. दुसरे कारण, वेळापत्रकातील वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाण्याची, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची आणि उतरल्यावर परत जागेवर येण्याची मिनिटे त्यात धरलेली असतात. तिसरे कारण, आकाशातही ठरलेले मार्ग असतात. विमाने या मार्गांवरून आणि हवाई नियंत्रकांच्या सूचनेनुसार जातात, त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर सरळ रेषेपेक्षा थोडे जास्तच भरते.

चौथे कारण वाऱ्याचे. हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यामुळे दिल्लीहून कोलकात्याला जाणारे विमान लवकर पोचते आणि परतीच्या विमानाला जास्त वेळ लागतो. गया-कोलंबो मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने हे वारे विमानाला प्रामुख्याने बाजूने लागतात. म्हणून जाण्याच्या व येण्याच्या वेळेत मोठा फरक पडत नाही. घड्याळही बदलावे लागत नाही, कारण २००६ पासून श्रीलंकेची प्रमाणवेळ पुन्हा भारताच्या प्रमाणवेळेशी जुळलेली आहे.

हे सारे थेट विमानाचे झाले. बुद्धगयेच्या यात्रेच्या हंगामात, म्हणजे हिवाळ्याच्या महिन्यांत, कोलंबोहून गयेला थेट विमाने येत आली आहेत. एरवी विमान बदलावे लागते. गयेहून कोलकाता, कोलकात्याहून चेन्नई आणि तेथून कोलंबो असे गेल्यास हवाई अंतर सुमारे २,४५० किलोमीटर होते. दिल्लीमार्गे गेल्यास ते सुमारे ३,२८० किलोमीटर होते, कारण दक्षिणेला जायचे असताना आधी वायव्येला जावे लागते. विमानात बसण्याचा वेळ पाच-सहा तास आणि मधल्या विमानतळांवर थांबण्याचा वेळ वेगळा. म्हणजे सबंध दिवस गेला. कोलंबोला उतरल्यावर अनुराधपूरला जायचे तर रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर, चार तासांहून अधिक. आकाशातल्या दोन हजार किलोमीटरपेक्षा जमिनीवरच्या दोनशे किलोमीटरला जास्त वेळ लागतो. प्रवासाचा वेळ अंतरावर थोडा आणि वाटेच्या सोयीवर फार अवलंबून असतो, हा नियम येथेच नोंदवून ठेवू. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

चौदा दिवस, चौदा रात्री

विमान येण्यापूर्वी ही वाट किती वेळाची होती? याचे एक विश्वसनीय उत्तर चिनी भिक्खू फाहियान याने लिहून ठेवले आहे. विनयाचे ग्रंथ मिळवण्यासाठी इ.स. ३९९ मध्ये तो चीनमधील चांगआन नगरातून पायी निघाला. मध्य आशियातून भारतात येऊन त्याने बुद्धगया, पाटलीपुत्र, वाराणसी ही स्थळे पाहिली. नंतर गंगेच्या मुखाजवळील ताम्रलिप्ती या बंदरात, म्हणजे आजच्या पश्चिम बंगालमधील तामलुक येथे, तो दोन वर्षे राहिला आणि तेथे त्याने सूत्रांच्या प्रती करून घेतल्या. त्यानंतर हिवाळ्याच्या आरंभी एका मोठ्या व्यापारी जहाजातून तो निघाला आणि अनुकूल वारा असताना चौदा दिवस व चौदा रात्री प्रवास करून सिंहलद्वीपाला पोचला.

हिवाळ्याचा आरंभ हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळात बंगालच्या उपसागरावर ईशान्येकडून वारे वाहतात आणि शिडाच्या जहाजाला दक्षिणेकडे नेतात. उन्हाळ्यानंतर नैऋत्येचे वारे सुरू झाले की हीच वाट उलट दिशेने सोपी होते. म्हणजे त्या काळचे वेळापत्रक वारा ठरवीत असे आणि ते वर्षातून दोनदाच बदलत असे. मोसम चुकला तर प्रवाशाने अर्धे वर्ष थांबायचे.

ताम्रलिप्ती ते श्रीलंकेचा उत्तर किनारा हे सागरी अंतर १,७०० किलोमीटर धरले, तर चौदा दिवसांच्या ३३६ तासांत जहाजाचा सरासरी वेग ताशी पाच किलोमीटर येतो. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग एवढाच असतो. फरक इतकाच की जहाज रात्रीही थांबत नाही आणि त्याला नदी-जंगल आडवे येत नाही. आजच्या तीन तासांच्या तुलनेत हे चौदा दिवस एकशे बारा पट होतात.

फाहियानने आणखी एक आकडा दिला आहे. हे अंतर सातशे योजने आहे, असे लोक सांगतात, असे तो नोंदवतो. योजन हे माप प्राचीन काळी सर्वत्र एकसारखे नव्हते; अभ्यासकांनी त्याची किंमत सुमारे सात किलोमीटरपासून पंधरा किलोमीटरपर्यंत लावली आहे. सर्वांत लहान योजन धरले तरी सातशे योजने म्हणजे ४,९०० किलोमीटर होतात, खऱ्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट. यात लबाडी कोणाचीच नाही. समुद्रावर मैलाचे दगड नसतात. किनारा दिसेनासा झाल्यावर खलाशी अंतर दिवसांनी, भीतीने आणि थकव्याने मोजतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या ग्रंथातील आकडा वाचताना हा विवेक ठेवला पाहिजे. 'चौदा दिवस' ही प्रवाशाची स्वतःची नोंद आहे, ती ग्राह्य धरावी. 'सातशे योजने' ही ऐकीव माहिती आहे, ती तपासून घ्यावी.

श्रीलंकेत फाहियान दोन वर्षे राहिला. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने अर्पण केलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू आले. घर सोडून त्याला अनेक वर्षे झाली होती. सोबती कोणी मेले होते, कोणी मागे राहिले होते. ग्रंथ घेऊन तो चीनला परतला ते इ.स. ४१२ मध्ये. ज्ञानासाठी माणूस किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणून हा भिक्खू आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक असला पाहिजे. कारण घराची आठवण येऊनही शिक्षण पुरे करणे म्हणजे काय, हे आपल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

महेंद्र आणि संघमित्रा

या मार्गावरचे पहिले 'उड्डाण' मात्र विमानाच्या फार पूर्वीचे आहे! महावंस हा श्रीलंकेचा पाली इतिहासग्रंथ सांगतो की, स्थविर महेंद्र आपल्या सोबत्यांसह आकाशमार्गाने जाऊन मिहिंतलेच्या पर्वतावर उतरले. बाबासाहेबांनी दिलेल्या बुद्धिवादी दृष्टीने पाहणाऱ्या माणसाने हे शब्दशः मानू नये. परंपरेनुसार महेंद्र विदिशेहून निघाले. तेथून लंकेपर्यंत जाण्यास त्यांना जमिनीची आणि पाण्याची वाट चालावी लागली असणार. ग्रंथकर्त्याला त्या वाटेची माहिती नव्हती, किंवा तिच्यापेक्षा महेंद्रांच्या आगमनाचा प्रभाव त्याला अधिक महत्त्वाचा वाटला. चमत्कार वजा केला तरी घटना उरते. अशोकाने आपल्या शिलालेखांत ताम्रपर्णीचा, म्हणजे श्रीलंकेचा, उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. तेराव्या शिलालेखात तो सहाशे योजनांवरच्या ग्रीक राजाचेही नाव घेतो. अंतर ओलांडून धम्म पोचवावा, हा त्याच्या राज्यकारभाराचा विचारपूर्वक ठरवलेला भाग होता. आपल्या महाराष्ट्रातही सोपारा येथे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळ, १८८२ मध्ये अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. सोपारा हे त्या काळचे मोठे बंदर. लोक येतात-जातात तेथे लेख कोरावा, ही त्यामागची दृष्टी उघड आहे.

महेंद्रांच्या पाठोपाठ संघमित्रा निघाल्या. त्यांच्या जाण्याचे कारण विद्यार्थिनींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अनुला राणीला आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांना दीक्षा घ्यायची होती. स्त्रियांना उपसंपदा देण्यासाठी भिक्खुणी हव्या होत्या, म्हणून संघमित्रा अन्य भिक्खुणींसह गेल्या आणि जाताना बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेल्या. ताम्रलिप्तीहून निघालेले त्यांचे जहाज श्रीलंकेच्या उत्तर टोकाच्या जंबुकोल बंदरात लागले. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अनुराधपूरला लावलेला तो वृक्ष आजही उभा आहे आणि त्याची राखण करणाऱ्या पिढ्यांची नोंद अखंड आहे. पुढे पाचव्या शतकात सिंहली भिक्खुणी जहाजाने चीनला गेल्या आणि तेथे भिक्खुणी संघ उभा राहिला. जी वाट एका स्त्रीने चालून दाखवली, ती सातशे वर्षांनी आणखी दूरवर पोचली.

गेले ते परत आले

वाटेला दोन दिशा असतात. भारताने लंकेला धम्म दिला हे आपण वाचतो. लंकेने भारताला काय परत दिले, हे मात्र सहसा शिकवले जात नाही.

पाली तिपिटक पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राखले गेले होते. ते इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेतील अलुविहार येथे लिहून काढण्यात आले. भारतात विहार ओस पडले, ग्रंथ नष्ट झाले, तेव्हा बुद्धवचनांचा हा ठेवा तेथे सुरक्षित होता. चौथ्या शतकात लंकेचा राजा मेघवर्ण याने समुद्रगुप्ताची अनुमती घेऊन बुद्धगयेला विहार बांधला. लंकेहून आलेल्या भिक्खूंना तेथे राहायला जागा मिळाली नव्हती, हे त्याचे कारण होते. निवासाची सोय नसेल तर दूरच्या माणसाला ज्ञानाचे दार बंदच राहते, ही गोष्ट निवासी शाळा चालवणाऱ्यांना नवी नाही.

अशोकाचे नावही भारताला लंकेच्या साहाय्यानेच परत मिळाले. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण केले, तेव्हा शिलालेखांतून 'देवानंपिय पियदसि' या राजाचे नाव पुढे आले. पण हा राजा कोण, हे कोणालाच सांगता येईना. श्रीलंकेत नोकरीस असलेल्या जॉर्ज टर्नर याने दीपवंस या पाली ग्रंथाच्या आधारे दाखवून दिले की, पियदसि म्हणजेच मौर्य सम्राट अशोक. पुढे १९१५ मध्ये मस्की येथील लेखात प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव सापडले आणि त्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब झाले. ज्या देशाच्या राजमुद्रेवर आज अशोकाचा सिंहस्तंभ आहे, त्या देशाला त्याची ओळख पटवण्यासाठी दोन हजार किलोमीटरवरच्या बेटावरचा ग्रंथ उघडावा लागला. आपला इतिहास आपल्याच भूमीत कसा पुसला गेला होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

कोलंबोत १८६४ मध्ये जन्मलेले अनागारिक धम्मपाल जानेवारी १८९१ मध्ये बुद्धगयेला आले. महाविहाराची दुरवस्था आणि तेथील महंताचा ताबा पाहून त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात कोलंबोला महाबोधी सोसायटी स्थापन केली आणि उरलेले आयुष्य या कामाला वाहिले. १९३३ मध्ये सारनाथ येथे त्यांचे निधन झाले. १९४९ च्या कायद्याने महाविहारासाठी व्यवस्थापन समिती नेमली गेली. परंतु तिच्यात चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अशी रचना झाली. महाविहार पूर्णपणे बौद्धांच्या हाती यावा ही मागणी आजही उभी आहे. कोलंबोहून गयेला तीन तासांत पोचता येते. पण गयेच्या महाविहाराच्या दारातून त्याच्या कारभारापर्यंतचे अंतर १८९१ पासून अजून पुरे झालेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह श्रीलंकेला गेले. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेची स्थापना त्या वेळी तेथे होत होती. बौद्ध धम्म जिवंत समाजात कसा आचरला जातो, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते. त्याच सुमारास महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख छापून आला. त्या काळी कोलंबो, जाफना, मद्रास या मार्गावर डकोटा जातीची विमाने चालत. त्यांचा वेग आजच्या जेट विमानांच्या जेमतेम एक तृतीयांश होता. ज्यांना विमान परवडत नसे ते रेल्वेने धनुष्कोडीपर्यंत जात आणि बोटीने तलैमन्नारला उतरून पुन्हा रेल्वे धरत. १९१४ मध्ये सुरू झालेली ती वाट डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले तेव्हा तुटली.

तीन तासांची दुसरी वाट

तीन तास हा आकडा बाबासाहेबांच्या चरित्रात आणखी एका प्रवासात येतो. १९०१ मध्ये ते आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह सातारहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. रेल्वेने मसूर स्थानकावर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. तीन तासांत पोचू, असे गाडीवानाने सांगितले होते. प्रत्यक्षात सबंध रात्र गेली. जवळ अन्न होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

आता वर नोंदवलेला नियम पुन्हा पाहा. प्रवासाचा वेळ अंतरावर थोडा आणि वाटेच्या सोयीवर फार अवलंबून असतो. मसूर ते गोरेगाव ही वाट सर्वांना सारखीच लांब होती; पण तिला लागणारा वेळ जातीप्रमाणे बदलत होता. सवर्ण मुलासाठी ती तीन तासांची, अस्पृश्य मुलासाठी एका रात्रीची. चवदार तळ्याचे पाणी काठावर उभ्या असलेल्या माणसापासून चार पावलांवर होते; त्या चार पावलांसाठी १९२७ साल उजाडावे लागले. भूगोलाच्या पुस्तकात या अंतराचे कोष्टक नसते; समाजाच्या इतिहासात ते असते आणि ते वाचायला आपण शिकले पाहिजे.

हे अंतर विमानाने कमी होत नाही. ते कमी होते शिक्षणाने, संघटनेने आणि संघर्षाने. नऊ-दहा वर्षांचा जो मुलगा मसूरच्या स्थानकावर तासन्‌तास ताटकळला, तो १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि १९५० मध्ये स्वतंत्र भारताचा कायदेमंत्री असताना श्रीलंकेला गेला. या दोन प्रवासांच्या मधली वाट त्याने पुस्तकांच्या आधाराने कापली.

फांदी नागपूरला आली

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे होते आणि महाबोधी सोसायटीचे देवप्रिय वलिसिंह मूळचे श्रीलंकेचे. म्हणजे त्या दिवशी नागपूरच्या मैदानावर अशोकाने दूर पाठवलेला धम्म परत आला. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची रोपे आणली आणि ती दीक्षाभूमीवर लावली गेली. भदंतजींनी श्रीलंकेतच प्रव्रज्या घेतली होती आणि तेथे त्यांनी अध्यापनही केले होते.

बुद्धगयेहून अनुराधपूर सुमारे १,८८० किलोमीटर. अनुराधपूरहून नागपूर सुमारे १,४२० किलोमीटर. दोन्ही मिळून ३,३०० किलोमीटर. बुद्धगया आणि नागपूर यांच्यामधले सरळ अंतर मात्र सुमारे ७३० किलोमीटरच आहे, आणि त्यामध्ये समुद्रही नाही. तरीही बोधिवृक्षाच्या फांदीला समुद्र ओलांडून जावे लागले, बावीसशे वर्षे थांबावे लागले आणि मग नागपूरला यावे लागले. सरळ वाट का बंद झाली होती, हा प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा.

आपल्या शाळेतील मुले वाड्या-वस्त्यांतून, तांड्यांतून, ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या फिरत्या घरांतून आलेली आहेत. त्यांना एक साधा अभ्यास सुचवतो. गोलावर दोरा ताणून गया ते कोलंबो हे अंतर काढा. त्याच रीतीने आपल्या गावापासून या शाळेपर्यंतचे अंतर काढा आणि ते वहीत लिहा. मग आपल्या आजीला विचारा की, तिच्या लहानपणी तिच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर किती होते आणि ती तेथे का पोचली नाही. तिन्ही उत्तरे एकाखाली एक लिहा. त्या पानावर गणित, भूगोल आणि इतिहास हे तिन्ही विषय एकत्र आलेले दिसतील. आणि आपण या वसतिगृहात राहून जे शिकत आहोत, ते कोणाच्या वतीने शिकत आहोत, तेही कळेल.

श्रीलंकेला विमानाने तीन तासांत जाता येते. आपल्या शाळेचा विद्यार्थी एक दिवस त्या विमानात बसलेला असो. प्रवासी म्हणून, भिक्खू म्हणून, संशोधक म्हणून किंवा विमान चालवणारा वैमानिक म्हणून. खिडकीतून खाली पाहताना त्याला चौदा दिवसांची ती वाट आणि त्या एका रात्रीची ती बैलगाडी, या दोन्हींचे स्मरण असावे, एवढीच मंगलकामना.

जयभीम! नमो बुद्धाय!